सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि आई विचारते, "मी काय नाटक करते का?"

राजापूरकर_मुलुंड
नमस्कार मंडळी. आई, वय ५८, राजापूर तालुक्यात गावी एकटी राहते. बाबा गेले, बहीण आणि मी दोघंही मुंबईत. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या तक्रारी सुरू झाल्या. छातीत धडधड, श्वास पुरत नाही, हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, अंगाची आग, घशात काहीतरी अडकलंय असं सतत वाटणं. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, मग डोळ्याला डोळा नाही. पूर्वी पहाटे उठून पाणी तापवून, पातेरा गोळा करून मोकळी होणारी बाई आता अकरा वाजेपर्यंत पडवीत बसून असते.

रत्नागिरीत ईसीजी आणि इको केला. मुंबईत आणून टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी "मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा" असं लिहून दिलं. त्या दिवसापासून आई आमच्याशी नीट बोलत नाही. "मी काय नाटक करते का? मला रत्नागिरीत नेऊन टाकायचा विचार आहे का तुमचा?" रत्नागिरी म्हणजे तिथलं मनोरुग्णालय, कोकणात वाढलेल्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

माझे दोन प्रश्न आहेत. मनाच्या आजाराने शरीरात इतकं खरंखुरं काही होऊ शकतं का? आणि होत असेल, तर तिला ते कसं सांगू की तिचा अपमान होणार नाही?

रातांबा
थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ केलंय का? यादीत दिसलं नाही.

राजापूरकर_मुलुंड
टीएसएच आणि हिमोग्लोबिन झालंय, ठीक आहे. बी१२ नाही केलं. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे.

वाशिष्ठीकाठ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो. मी स्वतः भोगलंय म्हणून लिहिते.

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी घरात आलं, तेव्हा सासूबाईंना आणि मुलाला घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. खालचं सगळं गेलं, कपाटं, धान्य, नवऱ्याच्या दुकानातला माल, लग्नातले फोटो. त्या दिवसांत मी रडले नाही. रडायला वेळच नव्हता. चिखल उपसायचा होता, पंचनामा होता, माणसं मदत घेऊन येत होती त्यांना चहा द्यायचा होता. सगळे म्हणायचे, किती खंबीर आहे!

पुढच्या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री पत्र्यावर आवाज सुरू झाल्याबरोबर माझी छाती धडधडायला लागली. हात वाकडे झाले, बोटं आखडली, वाटलं की हा झटकाच आहे. दवाखान्यात नेलं तर ईसीजी स्वच्छ. असं परत परत होत राहिलं. पोट तर कायमचंच बिघडलेलं. मनात पुराचा विचारही नसायचा. मी टीव्ही बघत असायचे, भाजी चिरत असायचे, आणि शरीर आपलं आपण घाबरायचं.

ज्या डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते सुरू कुठून होतं एवढंच आपल्याला शोधायचंय." त्या वाक्यानंतर मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले. तुमच्या आईला अजून कोणी हे वाक्य सांगितलेलं नसणार.

नाखवा
@वाशिष्ठीकाठ, निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) आमच्या श्रीवर्धनकडे हेच बघितलंय. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि दोन वर्षं बायामाणसं पाठदुखी, डोकेदुखी, चक्कर घेऊन दवाखान्याच्या बाकावर. झाडं मोजायला सरकारी माणूस आला, माणसांचं कोणी विचारलं नाही.

सुरंगी
राजापूरकर, एक विचारते, राग मानू नका. अंगाची आग, धडधड, झोप मोडणं, हे पाळी जाण्याच्या काळातही होतं आणि काहीजणींना नंतरही बरीच वर्षं राहतं. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून घ्या. मुलगा म्हणून आई तुमच्याशी हे बोलणार नाही. बहिणीला विचारायला सांगा.

घाटमाथा
माझं मत थोडं कडवट आहे. "टेन्शनचं आहे" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझ्या बहिणीला वर्षभर हेच सांगितलं. वजन उतरत होतं, हात थरथरत होते, धडधड होती. "नवीन लग्न झालंय, जुळवून घेताना होतं असं." शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी साधी रक्ततपासणी केली, तर थायरॉइड वाढलेला. बाईमाणसाची तक्रार असली की मन पुढे करायचं ही सवयच आहे. हृदयविकारातसुद्धा बायकांना नेहमीच छातीत कळ येते असं नाही. जबडा, पाठ, मळमळ, नुसता थकवा यांतूनही तो दिसतो. आधी शरीर पूर्ण तपासा, मग मनाकडे वळा.

गावचा_डॉक्टर
घाटमाथा यांचा राग रास्त आहे. पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करताना त्या वाक्याने झालेलं नुकसान मी रोज बघतो. सविस्तर लिहितो.

"आधी शरीर पूर्ण तपासू, काही सापडलं नाही तर मन" असं केलं की दोन गोष्टी होतात. तपासण्या कधी संपतच नाहीत. आणि संपल्याच तर मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी पेशंटला हाकलून लावल्यासारखी वाटते. आईंचं तेच झालंय. दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून बरोबरीने बघायला हव्यात. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाचे निकष बदलले, तेव्हा शारीरिक लक्षणांच्या आजारासाठी (सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर, म्हणजे शरीराच्या तक्रारी आणि त्यांची अतोनात काळजी) "वैद्यकीय कारण सापडता कामा नये" ही अट काढून टाकली. म्हणजे एखाद्याला मधुमेह असेल, हृदयविकार असेल, आणि त्याच वेळी हाही आजार असू शकतो.

आता मुंग्यांबद्दल. भीतीच्या झटक्यात माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं. म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, वाशिष्ठीकाठ यांच्यासारखे हात आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्याने गरगरतं. यात कल्पनेचा भाग काहीच नाही. रक्त तपासलं तर बदल दिसेल. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो, म्हणून दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी शांत झालेला असतो आणि घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये."

पेशंटला मी असं समजावतो. विहिरीवरचा पंप उघडून बघितला, कॉइल शाबूत, बेअरिंग शाबूत, तरी पंप नीट चालत नाही, कारण व्होल्टेज वरखाली होतंय. पंप नाटक करतोय असं आपण म्हणत नाही.

पहाटे तीनला जाग येणं, सकाळ जड जाणं, नेहमीच्या कामातून मन उडणं, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की मला नैराश्याची शंका येते, माणूस "मी उदास आहे" असं म्हणत नसला तरी. १९९९ मध्ये १४ देशांतल्या दवाखान्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचे निकष पूर्ण करणारे १,१४६ पेशंट होते, आणि त्यांतले ६९ टक्के डॉक्टरांकडे केवळ शारीरिक तक्रार घेऊन आले होते. तेव्हा हे फक्त आपल्याकडच्या अडाणीपणामुळे होतं असं कोणी म्हणू नये.

बी१२ जरूर करा. मेटफॉर्मिनने ते कमी होतं, आणि त्याने मुंग्या, आग, उदासी तिन्ही होऊ शकतात. सुरंगी यांचा मुद्दाही महत्त्वाचा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. उद्या छातीत नवीन प्रकारचं दुखणं आलं, घाम फुटला, दम लागला, तर "तिचं नेहमीचंच" म्हणून घरी बसायचं नाही.

घाटमाथा
डॉक्टर, पटलं बरंचसं. पण प्रत्येकाला तुमच्यासारखा ऐकून घेणारा डॉक्टर मिळत नाही.

गावचा_डॉक्टर
खरं आहे. तीन मिनिटांत एक पेशंट बघावा लागतो तिथे ऐकणं सगळ्यात आधी जातं.

हापूसवाला_देवगड
मी उलटी बाजू सांगतो. आमच्या बागेत कामाला असलेला एक गडी, मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की त्याला डोकं दुखणं, घाम, मळमळ, हात थरथरणं, जीव घाबराघुबरा. सगळे म्हणायचे, दारू सोडलीय म्हणून होतंय, नाहीतर धास्ती घेतलीय. तो उघड्या अंगाने, तोंडाला नुसतं फडकं बांधून फवारायचा. औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा उलगडा झाला. तुडतुड्यावरची काही औषधं शरीरातल्या नसांवरच काम करतात. आता मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ, हे मी सक्तीने करून घेतो. राजापूर भागात बागा आहेत. आईंच्या घराजवळ फवारणी होते का, विचारा.

गावचा_डॉक्टर
उत्तम मुद्दा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी असं होतं. लाळ सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, स्नायू फडफडणं ही त्याची खूण. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी असते. आईंचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला, तेव्हा इथे शक्यता कमी वाटते. पण बागायती भागात हा प्रश्न विचारायलाच हवा.

मालवणी_माणूस
माझ्या आवशीक पण ह्याच झाला होता. गावात सगळे म्हणत, काय तरी बाधला. देवाक कौल लावलो, गाऱ्हाणा घातला. तिका बरा वाटला, खोटा कशाक बोलू? पण पंधरा दिसांनी परत तसाच. मगे ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवला. आता बरी असा, माका जेवताना बांगड्याचो तुकडो कमी पडलो तर शिव्या घालता. तुझी आवस पण बरी होतली, घाबरू नको.

रातांबा
बांगड्याच्या तुकड्यावरून शिव्या घालायला लागली म्हणजे बरी झाली, हे निदान डॉक्टरांनी वहीत लिहून घ्यावं :)

पानवेल
कौल-गाऱ्हाण्याला इतक्या सहज मान्यता नको. माझ्या शेजारच्या मुलीला एका भगताकडे नेलं. धुरी दिली, उपाशी ठेवली, केस ओढले. तिला दातखीळ बसायची, एवढाच तिचा अपराध. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण वाडीत तक्रार करणार कोण?

मालवणी_माणूस
पानवेल ताई, ता आणि ह्या वेगळा. गुरवान देवासमोर चार शब्द बोललो, सगळी वाडी जमली, आवशीचो हात धरून बायको बसली. कोणी तिका बोट लावूक नाय. भगत आणि गाऱ्हाणा एकाच माळेत ओवू नको.

पानवेल
फरक मान्य. वाडी जमली हे औषधच आहे. माझा आक्षेप उपचार लांबण्याला आहे.

गावचा_डॉक्टर
माझ्याकडे येणाऱ्यांना मी देव सोडा असं कधीच सांगत नाही. मारहाण नाही, उपास नाही, धुरी नाही, आणि चालू गोळी बंद करायची नाही. एवढं पाळलं तर गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, माझी हरकत नाही. उलट भजनाला जाणारी, देवळात बसणारी पेशंट लवकर सावरतात असा माझा अनुभव आहे.

आंबोली_घाट
दातखिळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. भाची दहावीला होती. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी डावा पाय चालेना. ओढत ओढत चालायची. आम्ही सावंतवाडीहून तिला बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात नेलं. एमआरआय स्वच्छ. मला भीती होती की आता पोरीला खोटारडी म्हणणार.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिला उताणं झोपवलं. अधू पायाची टाच खाली दाब म्हणाले, तिला जमेना. मग चांगला पाय त्यांच्या हाताच्या विरोधात वर उचलायला लावला, तर अधू पायाची टाच आपोआप खाली दाबली गेली. ते तिला म्हणाले, "बघ, ताकद तुझ्या पायात शाबूत आहे. मेंदूचा मुद्दाम दिलेला निरोप तिथे पोचत नाहीये. रस्ता परत तयार करता येतो." तिचा चेहरा एकदम उजळला. फिजिओथेरपी आणि समुपदेशन, दोन्ही केलं. आता कॉलेजला आहे आणि शिमग्यात पालखीबरोबर आमच्या आधी धावते.

गावचा_डॉक्टर
त्या तपासणीला हूव्हरची खूण म्हणतात. १९०८ मध्ये तिचं वर्णन झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की "काही सापडलं नाही म्हणून मानसिक" अशा पद्धतीने भाचीसारख्या त्रासाचं निदान करायचं नसतं. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात, आणि त्या पेशंटला दाखवता येतात. दातखीळ किंवा झटके असतील तर व्हिडिओ ईईजीने (चित्रीकरण करत काढलेला मेंदूचा आलेख) अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, आहे की नाही ते कळतं. कधी एकाच माणसात दोन्ही असतात. घरच्यांनी झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर फार मदत होते.

कोकमसरबत
घशात अडकल्यासारखं माझ्या काकीलाही व्हायचं. तिला आमसुलाचं सार आणि ओवा चावून फरक पडला. ॲसिडिटी असणार.

नाखवा
आमसूल पित्ताला चांगलं की वाईट यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

कोकमसरबत
दर्यावर जाणाऱ्यांनी आमसुलावर मत देऊ नये, आधी सुकटीच्या वासाचा हिशेब द्या :)

सुरंगी
मंडळी, आमसुलासाठी वेगळा धागा काढा. इथे एक मुलगा आईसाठी विचारतोय.

माझं म्हणणं सांगते. आईला मुंबईत आणा. एकटेपणा हेच मूळ आहे. बाबा गेले, मुलं लांब, संध्याकाळ झाली की घर खायला उठतं.

वाशिष्ठीकाठ
सुरंगी, मी नाही म्हणेन. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये दिवसभर सून-मुलगा कामावर, शेजारचं दार बंद. तिथे ती आणखी एकटी होईल. गावी निदान वाडीतली माणसं हाक मारतात. एकटेपणा आहे हे खरं, पण तिची परसबाग, तिचं देऊळ, तिच्या हातचं काम काढून घेऊन तो कमी होणार नाही. बहीण-भावाने आळीपाळीने जावं, गणपतीच्या गर्दीत नव्हे, एरवी.

हापूसवाला_देवगड
+१. आमच्याकडे एक म्हातारी मुंबईत जाऊन महिन्यात परत आली. म्हणाली, तिथे पाऊस पडलेला कळतसुद्धा नाही.

लाटांवर
मी नैराश्यावरच्या गोळ्या घेते म्हणून लिहिते. "एकदा लागली की सुटत नाही" हे तुमच्या आईला कोणीतरी सांगणारच. नैराश्यावरच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांत फरक आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागते, ती दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. नैराश्यावरच्या गोळीची तशी चटक लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी होते. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायची.

आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि घालमेल वाढूही शकते. मला हे आधी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. ज्यांना सांगत नाहीत ते चौथ्या दिवशी गोळ्या टाकून देतात.

पानवेल
लाटांवर, इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दिसलं होतं की चिंता-नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांत ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. त्यातले कितीतरी इतरत्र पोचतात, सोनोग्राफीला, एंडोस्कोपीला.

राजापूरकर, टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारा. आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक सकाळी येतात, दाखवतात, गोळ्या घेऊन दुपारच्या एसटीने घरी जातात. आत ठेवतील ही भीती निराधार आहे. २०१७ च्या कायद्यानेही स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध असं दाखल करता येत नाही. आईंना नेमकं हेच सांगा.

राजापूरकर_मुलुंड
सगळ्यांचे आभार. मधले दिवस गावी होतो, आज सविस्तर लिहितो.

बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. आग थोडी कमी आहे, बाकी तसंच. बहिणीने सुरंगी ताईंचा प्रश्न विचारला. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, तरी ती तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. वाशिष्ठीकाठ यांचा पूर्ण प्रतिसाद मी आईला पडवीत बसून वाचून दाखवला. ती मध्येच म्हणाली, "त्या बाईचे पण हात वाकडे होत?" मग बराच वेळ बाबांबद्दल बोलत राहिली. ते गेले तेव्हा भर पावसात रस्ता बंद होता, ॲम्ब्युलन्स वेळेत आली नव्हती, हे मला माहीत होतं. त्या रात्री ती एकटी किती वेळ त्यांचा हात धरून बसली होती, हे माहीत नव्हतं.

रत्नागिरीला यायला तयार झाली, एका अटीवर. वाडीत सांगायचं नाही. मी हो म्हटलं. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं, नैराश्य आणि भीतीचे झटके असं सांगितलं. रात्री घ्यायची एक गोळी आणि श्वासाचा व्यायाम दिलाय. महिन्याने परत बोलावलंय.

अडचण अशी की ती विचारते, झटका आला की मी एकटी असताना करू काय?

वाशिष्ठीकाठ
त्यांना माझा नमस्कार सांगा. झटका आला की मी जमिनीवर पाय टेकून बसते आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावते. मनात चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर. आणि शेजारणीला हाक. एका तरी शेजारणीला सांगायला हवं, सगळ्या वाडीला नको.

गावचा_डॉक्टर
बरोबर. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय मात्र करू नका. खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो धोक्याचा ठरतो. नवीन तपासण्या आता थांबवा, आणि एकाच डॉक्टरांकडे ठरलेल्या तारखेला जात राहा, त्रास कमी असला तरी. गोळीने सकाळी तोंडाला कोरड किंवा गुंगी वाटते का विचारा. वाटली तर महिन्याची वाट न बघता फोन करा.

राजापूरकर_मुलुंड
कोरड पडते म्हणाली. उद्याच फोन करतो. शेजारच्या वहिनींना सांगू का, हे आज रात्री तिलाच विचारतो.

मालवणी_माणूस
इचार, इचार. आणि वहिनीक सांग, रोज सांजेक येऊन बस म्हणान. चाय आवस करतली.